हाती पडणारी रक्कम

जबलपूर,
२ नोव्हेंबर १९८५

चि. बंडू यास,
जय भीम.

धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर जमलेल्या आपल्या नातलगांना तू तुझ्या बहिणीच्या, म्हणजे विनताच्या, प्रकरणाची जी हकीकत सांगितलीस, ती मला तिघांकडून कळली. तिघांच्या सांगण्यात फरक नाही. त्यावरून तू ती नीट सांगितली असावीस असे दिसते. फक्त ती चुकीची आहे.

तू म्हणालास की, काकांनी कोणी न सांगता कुंडमला एक पोस्टकार्ड टाकले आणि त्या कार्डाने विनताचा संसार मोडला. कार्ड घरात वाचले जाईल याची त्या भोळ्या म्हाताऱ्याला कल्पना नव्हती. आता ती काकांच्या घरी राहते, तिच्या पगारावर काका बसले आहेत, आणि तिच्या कर्जाचा हप्ता बिचारे काकाच भरतात. शेवटच्या दोन म्हणण्यांचा एकमेकांशी मेळ बसत नाही, हे ऐकणाऱ्यांपैकी एकाच्याही ध्यानात आले नाही, याचे मला नवल वाटते.

ही हकीकत खरी धरून तू आणि चार वडीलधारी मंडळी डिसेंबरात येथे येणार, आणि विनताला व तिच्या मुलीला, शैलजेला, पुन्हा कुंडमला तिच्या नवऱ्याच्या, मुरलीधरच्या, घरी पोहोचवणार, असे ठरले आहे म्हणे. एका स्त्रीने कोठे राहावे याचा निर्णय चुकीच्या हकिकतीवर होऊ नये, म्हणून हे पत्र.

माझ्यावरचे आरोप मी आधी घेत नाही. आधी तू मला दिलेली सूट परत करतो. विनताने उत्तर बंद पाकिटात पाठवा असे लिहिले होते. सुटीत लिहू नका असेही लिहिले होते. मी दोन्ही वाचले होते. त्यामुळे मला 'कल्पना नव्हती' हे तुझे म्हणणे दयाळूपणाचे असले तरी खरे नाही.

संरक्षण खात्याच्या कारखान्यात वेतन शाखेत मी एकतीस वर्षे काढली. चार हजार माणसांच्या हातात महिन्याकाठी काय पडणार, ते त्या माणसांच्या आधी मला ठाऊक असे. या कामाने मला एक सवय लावली आणि एक खोड. सवय अशी की, स्वतःच्या प्रत्येक पत्राची कार्बन प्रत मी ठेवतो. खोड कोणती, ते पुढे कळेल.

त्या प्रती आणि विनताच्या पत्रांच्या नकला सोबत जोडल्या आहेत. नकला तिच्या परवानगीने केल्या. नक्कल करताना मी तिचे शुद्धलेखन दुरुस्त केले होते. तिने ते वाचले आणि सगळे होते तसे करायला लावले. क्रमाने वाच, आणि मग उत्तर लिही.

तुझा काका,
नारायण गणवीर


(नक्कल १)

कुंडम,
८ एप्रिल १९८४

ती. काकांस,
सविनय जय भीम.

पुष्कळ दिवसांनी लिहून राहिले, रागावू नका. इकडे सगळे बरे आहे. ह्यांचं तेंदूपत्त्याच्या ठेक्यातलं भागीचं काम गेल्या वर्षी बुडालं, ते तुम्हाला माहीतच आहे. यंदा काही नाही, घरीच असतात. सासूबाईंचे गुडघे दुखतात. शैलजा दुसरीची परीक्षा देते आहे.

एक काम होतं. आमच्या शाळेत शकु म्हणून एक बाई आहेत. त्यांना त्यांच्या तनखेचा हिशोब समजून घ्यायचा आहे. मी म्हटलं, माझे काका अख्ख्या कारखान्याची तनखा बनवायचे. मूळ पगार ६३५, महागाई २६८, आणि हा आदिवासी भाग म्हणून क्षेत्र भत्ता ४०. त्यांच्या हातात ६८१ येतात. हे बरोबर आहे का?

तुम्ही म्हणाल, त्यांना स्वतःला कसं माहीत नाही? काका, इथे पगार वाटताना बाबू पत्रकावर लाकडी पट्टी ठेवतो, दुसऱ्याचा पगार दिसू नये म्हणून. सहीची चौकट तेवढी उघडी असते. रेव्हेन्यू तिकिटावर सही केली की पैसे बाबू त्यांच्या नवऱ्याच्या हातात देतो, तो सोबत आलेला असतो. मोजतो तोच. परवा त्याला ताप होता म्हणून शकुबाईंनी पहिल्यांदा स्वतः मोजले.

उत्तर बंद पाकिटात पाठवाल, आणि शाळेच्या पत्त्यावर. काकूंना जय भीम.

तुमची,
विनता


(प्रत २)

जबलपूर,
१६ एप्रिल १९८४

चि. विनता हिस,
जय भीम.

जयंतीच्या मिरवणुकीमुळे उत्तराला दोन दिवस उशीर झाला.

तुझ्या मैत्रिणीने हिशेबाची सुरुवात शेवटाकडून केली आहे. हाती पडलेली रक्कम हे उत्तर असते. प्रश्न वरून मांडावा लागतो. प्रथम मूळ वेतन, मग भत्ते. ६३५, २६८ आणि ४० मिळून ९४३. हे एकूण वेतन झाले. हे आपले आहे असे समजून कोणीही खर्चाचा बेत करू नये. वेतन ऐकून मुलगी देणारे बाप नेहमी हाच आकडा ऐकतात आणि फसतात.

आता कपाती. भविष्य निधी ६४ धर. समूह विमा २०. वृत्तिकर ८. प्राप्तिकर त्यांना लागणार नाही, कारण वर्षाचे उत्पन्न मर्यादेच्या बरेच खाली आहे. दिवाळीला बहुतेक सगळे सण अग्रिम घेतात. त्यांनी घेतला असल्यास दहा हप्त्यांत दरमहा २५ जात असतील, आणि ऑगस्टच्या वेतनाबरोबर ते संपतील. एकूण कपात ११७. निव्वळ ८२६.

शकुबाईंना ६८१ मिळतात. फरक १४५ रुपयांचा आहे. एवढा फरक चुकीने पडत नाही. कोणतीही चूक सलग एकाच आकड्याची नसते. पत्रकात त्यांच्या नावापुढे आणखी एक रकाना भरलेला असला पाहिजे. त्यांनी बाबूला ती पट्टी उचलायला सांगावी. आपल्या नावाची ओळ वाचणे हा प्रत्येक कर्मचाऱ्याचा हक्क आहे, त्यासाठी अर्ज लागत नाही.

आणि नवऱ्याने मोजलेले पैसे बायकोने पुन्हा मोजले तर त्यात नवऱ्याचा अपमान नाही. असे त्यांना माझ्या वतीने सांग.

तुझा काका,
नारायण गणवीर


(नक्कल ३)

कुंडम,
२७ एप्रिल १९८४

ती. काकांस,
सविनय जय भीम.

पत्र मिळालं. तुमचा आकडा नेमका निघाला. पट्टी उचलायला सांगितली तर बाबू हसला, "क्या बात है, दीदी, आज ऑडिट है क्या?" पण उचलली. शेवटच्या रकान्यात 'समिती' लिहून १४५ आहेत. डिसेंबरच्या पगारापासून कटून राहिले. शिक्षकांच्या सहकारी समितीचं चार हजारांचं कर्ज, छत्तीस हप्ते. शकुबाईंनी नोव्हेंबरात एका कागदावर सही केली होती. नवरा म्हणाला होता की विम्याचा कागद आहे.

काका, आता एकच विचारते. बदली होऊन ती जबलपूरला आली, तर हातात किती पडेल? आणि तेवढ्यात एक बाई आणि सात वर्षांची एक मुलगी, खोलीचं भाडं देऊन, कोणापुढे हात न पसरता राहू शकते का? खरं खरं सांगा. धीर देण्यासाठी आकडा फुगवू नका.

एक तारखेपासून शाळेला सुटी लागते. मी लिहीपर्यंत पत्र पाठवू नका.

तुमची,
विनता


(प्रत ४, पोस्टकार्ड, कुंडम येथील घराच्या पत्त्यावर)

जबलपूर,
७ मे १९८४

चि. विनता हिस, जय भीम. शकुबाईंचा प्रश्न थांबण्यासारखा नाही, म्हणून लिहितो. जबलपुरास बदली झाल्यास क्षेत्र भत्ता ४० जाईल, शहराचा घरभाडे भत्ता ३५ मिळेल. एकूण ९३८. कपाती समितीच्या १४५ सह २६२. हाती ६७६. खोली, धान्य, रॉकेल, शाळा, औषधपाणी धरून एक स्त्री व एक मुलगी यांना येथे ७१२ लागतील. ३६ कमी पडतात, पण ते अशक्य नाही. ज्याने विम्याचा कागद म्हणून कर्जावर सही घेतली, त्याच्याविरुद्ध समितीकडे तक्रार करता येते. शकुबाईंनी घाबरू नये. ना. गणवीर.


(टीप. ही प्रतींसोबत नव्हती, बंडू, तुझ्यासाठी आता लिहितो.)

आता ती खोड. आकड्यांत लपवण्यासारखे काही नसते, असे मी जन्मभर मानत आलो. पाकीट मला नेहमी संशयास्पद वाटे. हिशेब उघड्यावर मांडावा, ज्याला चूक काढायची त्याने काढावी. शाळा बंद, म्हणून पत्ता घराचा. प्रश्न निकडीचा, म्हणून 'लिहू नका' हे बाजूला ठेवले. प्रत्येक पायरीला कारण होते. सगळी कारणे बरोबर होती आणि बेरीज चुकली.

कार्ड मी सकाळी साडेनऊला पेटीत टाकले. घरी येऊन कार्बन प्रत फायलीत लावत होतो. तुझ्या काकू तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांना मी कौतुकाने तो हिशेब वाचून दाखवला.

त्यांनी सूप खाली ठेवले. "त्या शकूच्या पोरीचं वय किती लिवलं व्हतं जी?"

"सात."

"आपल्या शैलजेचं?"

मी फायलीतून विनताचे पहिले पत्र काढले.

"नवरा ठेक्यात बुडाला का तिचा?"

"तसे शकुबाईंबद्दल लिहिलेले नाही."

"शकुबाईबद्दल नाई जी, विनताबद्दल लिवलं हाये ना! एका कागदावर नवरा बुडाला, दुसऱ्या कागदावर कर्ज निघालं. तुमी चार हजार मानसायची तनखा जोडली, अन् हे दोन कागद तुमाले जोडता नाई आले? काहून टाकलं ते कार्ड?"

मी चपला घालून निघालो. पेटीवर दहाची वेळ लिहिलेली होती. मी पोहोचलो तेव्हा दहाला सात मिनिटे कमी होती आणि पेटी उघडून गेलेली होती. डाकघरात गेलो. खिडकीवरचा माणूस सज्जन होता. म्हणाला, "बाबूजी, थैली में गया सो सरकार का हो गया." नियम मला ठाऊक होता. तरीही मी त्याला दोनदा विचारले. दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या बसने कुंडमला जा, असे काकू म्हणाल्या. मी गेलो नाही. आपण तेथे जाणे म्हणजे शकुबाई कोण ते स्वतः जाऊन सांगणे, असे मी त्यांना पटवून दिले. मी लोकांना पटवून देऊ शकतो, हे माझे दुसरे दुर्दैव.

त्यानंतर सहा आठवडे कुंडमहून ओळ आली नाही.


(नक्कल ५)

कुंडम,
१८ जून १९८४

ती. काकांस,
सविनय जय भीम.

आज शाळा उघडली. शाळेतूनच लिहून राहिले. शकु कोण, ते आता तुम्हाला सांगायला नको.

तुमचं कार्ड ९ तारखेला आलं. सासूबाईंना वाचता येत नाही, म्हणून त्या नेहमी डाकियाकडूनच वाचून घेतात. त्याने ओट्यावर बसून मोठ्याने सगळं वाचलं. शेजारच्या दोघी उभ्या होत्या. मी आत पीठ मळत होते. '७१२ लागतील' पर्यंत मला वाटलं, हा हिशोबच आहे, निभावून नेईन. मग 'विम्याचा कागद' आलं.

सासूबाई म्हणाल्या, "कोन व्हय ही शकु? तिचं कार्ड आमच्या घरी काहून?"

हे ओट्यावरच होते. शकु म्हणून आमच्या शाळेत कोणी नाही, हे ह्यांना माहीत आहे. ह्यांनी कार्ड घेतलं, पुन्हा वाचलं. मग माझ्याकडे पाहून हसले आणि म्हणाले, "अच्छा. एक स्त्री व एक मुलगी. चलो, मग त्यातली एक मुलगी कमी करू. खर्च बी कमी होईल."

दुसऱ्या दिवशी सकाळी शैलजाला मंडल्याला, त्यांच्या बहिणीकडे, नेऊन ठेवलं. मला म्हणाले, आता जा जबलपूरला.

मी गेले नाही. भांडलेही नाही. सुटीभर घरात राहिले. १५ तारखेला मी ह्यांना सांगितलं की सोमवारी शाळा उघडते. शैलजा घरात नसेल तर मी शाळेतून सरळ समितीत जाईन, आणि विम्याचा कागद म्हणून सही कशी घेतली ते लिहून देईन. ती घरात असेल तर तक्रार नाही. हप्ता माझ्या पगारातून जातो तसा जाऊ दे, पूर्ण छत्तीस. ह्यांनी रात्रभर विचार केला. १६ तारखेला मुलगी घरी आली. केस कापले होते, उवा झाल्या म्हणून. माझ्याजवळ यायला तिला थोडा वेळ लागला.

माझ्या बदलीच्या अर्जावर हुकूम या महिन्यात निघेल असं बाबू म्हणतो. आता हिशोब पुन्हा करा. १४५ पक्के धरा. ३६ कमी पडतात, ते कुठून आणू? भविष्य निधी कमी करता येतो का?

पत्र शाळेच्या पत्त्यावर. पाकिटात.

तुमची,
विनता


(प्रत ६, पाकिटात)

जबलपूर,
२१ जून १९८४

चि. विनता हिस,
जय भीम.

मी दोन चुका केल्या. पहिली, कार्ड. दुसरी, पत्ता. तू दोन्हींबद्दल आधीच लिहिले होतेस. शैलजा सदतीस दिवस घराबाहेर राहिली, ती या दोन चुकांमुळे. याहून अधिक लिहिले तर ते माझ्या समाधानासाठी होईल, म्हणून येथे थांबतो.

तुझ्या प्रश्नाचे उत्तर.

भविष्य निधीची कपात कमी करू नये, असे मी एकतीस वर्षे प्रत्येकाला सांगत आलो. कारखान्यातल्या लोकांनी त्याबद्दल मला शिव्याही दिल्या आणि निवृत्त झाल्यावर पेढेही दिले. तरीही तू ती कमी कर. नियमाप्रमाणे जेवढी द्यावीच लागते तेवढीच ठेव, म्हणजे ६४ ऐवजी ३९. तेथे २५ सुटतील. मग हाती ७०१. कमी पडतात ११. सप्टेंबरपासून सण अग्रिमाचे २५ थांबतील. मग हाती ७२६. लागतात ७१२. उरतात १४.

याचा अर्थ, जुलै आणि ऑगस्ट हे दोन महिने मिळून २२ रुपयांची तूट आहे. त्यानंतर तूट नाही. आकडा फुगवलेला नाही. ७१२ चा खर्च तुझ्या काकूंनी पुन्हा तपासला. मी धरलेले रॉकेल त्यांना कमी वाटले आणि भाजी जास्त. बेरीज मात्र तीच आली.

समितीकडे तू तक्रार केलीस तर नियम तुझ्या बाजूने आहे. मुलगी परत आली आहे, आता तो शब्द पाळण्याचे बंधन तुझ्यावर आहे असे मला वाटत नाही. अर्जाचा मसुदा मी करून देतो. सिव्हिल लाइन्समधल्या सहकार खात्याच्या कचेरीत मी स्वतः जाईन.

आमच्या घरी राहायला ये, असे काकू म्हणतात. मीही म्हणतो.

तुझा काका,
नारायण गणवीर


(नक्कल ७)

कुंडम,
३० जून १९८४

ती. काकांस,
सविनय जय भीम.

हुकूम आला. १६ जुलैला जबलपूरच्या शाळेत रुजू व्हायचं आहे.

तक्रार करत नाही. शब्दासाठी नव्हे. तक्रार केली तर तारखा पडतील, आणि त्या किती पडतील ते तुम्हीही सांगू शकणार नाही. हप्ते मात्र छत्तीसच आहेत. त्यातले सात झाले.

तुमच्या घरी राहायला येत नाही. काकूंना वाईट वाटेल, त्यांना तुम्हीच समजवा, तुम्हाला समजवता येतं. तुमच्या घरी आले तर लोक म्हणतील, काकांनी नेली. मला स्वतःच्या पगारावर जायचं आहे. सदर बाजाराच्या मागे खोल्या मिळतात म्हणे, एखादी बघून ठेवा. १५० पेक्षा जास्त भाडं नको, हिशोब बिघडेल.

२२ रुपये काकूंकडून घेईन. उसने. तुमच्याकडून नाही.

तुमची,
विनता


नागपूर,
१३ नोव्हेंबर १९८५

ती. काका,
जय भीम.

तुमचं पाकीट मिळालं. दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा घरच्या बाईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, तुमच्या बहिणीनं हे तुम्हाला काहून नाही सांगितलं? मी म्हटलं, मी विचारलं कुठे?

खरं सांगतो काका, मुरलीधर भाऊजी गेल्या उन्हाळ्यात माझ्याकडे येऊन दोन दिवस राहिले. पोरगी मंडल्याला नेल्याचं एका शब्दानं बोलले नाहीत. डोळ्यात पाणी आणून म्हणाले, तुमच्या काकानं कार्ड टाकून घर फोडलं. मला वाटलं, माणूस रडून राहिला म्हणजे खरं असेल. अन् आपली विनता तर कधी रडलीच नाही.

डिसेंबरचं येणं मी थांबवलं आहे. पण मंडळी ऐकायला तयार नाहीत. म्हणतात, बंडूचं एक सांगणं, आता काकांचं दुसरं, खरं कोणतं? मला तारखा पक्क्या करून द्या. तारखा असल्या की वाद कमी होतात, हे तुम्हीच आम्हाला शिकवलं.

अन् एक विचारतो, राग मानू नका. तुम्ही ते कार्ड टाकलंच नसतं, तर विनता खरंच घरून निघाली असती? की हिशोब वाचून तिथेच राहिली असती? मंडळी हेच विचारतील. मलाही माहीत करून घ्यायचं आहे.

तुमचा,
बंडू


जबलपूर,
२४ नोव्हेंबर १९८५

चि. बंडू यास,
जय भीम.

राग मानलेला नाही. तू विचारलेस तोच प्रश्न मी गेले दीड वर्ष स्वतःला विचारत आहे, आणि माझे उत्तर तुझ्यासारखेच आहे. कार्डाने तिला घराबाहेर काढले असे मी मानतो. फरक एवढाच की, मी ते तुझ्याआधी मानले आणि कोणाला सांगितले नाही.

तारखा पुढे देतो. आधी तू सांगितलेली, नंतर खरी. ही यादी पाठवण्यापूर्वी मी विनताला वाचायला दिली, कारण प्रकरण तिचे आहे. शेवटच्या नोंदीत तिने स्वतःच्या हाताने बदल केला आहे. तिने केलेला बदल मी जसाच्या तसा ठेवतो.

१. कर्जाच्या कागदावर विनताची सही. तू म्हणालास: दिवाळी १९८४. खरी तारीख: १८ नोव्हेंबर १९८३. या सहीच्या वेळी ती जबलपुरात नव्हती, तेव्हा कर्ज तिने जबलपुरास आल्यावर काढले हे म्हणणे चूक.

२. पहिला हप्ता. तू सांगितला नाहीस. डिसेंबर १९८३ चे वेतन. आजवर तेवीस हप्ते झाले. सगळे तिच्या वेतनातून. माझा एकही रुपया त्यात नाही. छत्तिसावा नोव्हेंबर १९८६ च्या वेतनात जाईल.

३. माझे पोस्टकार्ड. तू म्हणालास: जून. खरी तारीख: ७ मे १९८४, सोमवार, सकाळी साडेनऊ.

४. शैलजेला मंडल्याला नेले १० मे १९८४ रोजी. परत आणले १६ जून १९८४ रोजी. तुझ्या हकिकतीत या दोन्ही तारखा नाहीत. मुरलीधरने तुला सांगितल्या नाहीत, म्हणून तू त्या मंडळींना सांग.

५. विनता जबलपुरास आली. तू म्हणालास: जून अखेर, काकांच्या घरी. खरी तारीख: १५ जुलै १९८४, रविवार. सदरच्या मागच्या खोलीत. भाडे १४५, म्हणजे तिने ठरवलेल्या मर्यादेत.

६. माझ्या घरातून तिला मिळालेली मदत. तू म्हणालास: दरमहा हप्ता. खरी: २२ रुपये, एकदाच, तुझ्या काकूंकडून, १५ जुलै १९८४. परतफेड १ डिसेंबर १९८४. काकूंनी ती घेण्यास नकार दिला होता. विनताने पैसे तांदळाच्या डब्यात ठेवून दिले.

७. विनताने कुंडम सोडण्याचे ठरवले. माझी नोंद: ९ मे १९८४, कार्ड पोहोचले त्या दिवशी.

(येथे विनताने माझी तारीख खोडून पुढील मजकूर लिहिला आहे.)

नाही. २ मार्च १९८४, शुक्रवार. त्या दिवशी पगार झाला. पैसे ह्यांच्या हातात गेले आणि हे मोजत मोजत पुढे निघाले. मी मागे राहिले. बस उभी होती. मी कंडक्टरला विचारलं, जबलपूरचं एक पूर्ण आणि एक अर्धं तिकीट किती? त्याने सांगितलं. मी आकडा लक्षात ठेवला, घरी आले आणि भाकरी टाकल्या. काकांना पहिलं पत्र लिहायला अजून पाच आठवडे होते.

(वरील दुरुस्ती बरोबर आहे. माझी नोंद चुकली होती. ना. ग.)